खानदेशात रसभरी: जुलैच्या रोपापासून मार्चच्या तोडणीपर्यंत

रसभरी, म्हणजे कागदी टरफलातली केप गूसबेरी, खानदेशात येते. पण जळगाव-धुळ्याकडे ती लावून हात पोळलेले लोक बहुधा जमिनीला दोष देतात, आणि चूक तारखेची असते. हे झुडूप मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचे. तिथून ते आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप ऑफ गुड होपच्या किनारपट्टीवर गेले; १८०७ च्या आधीपासून तिथले वसाहतवाले ते लावत होते. निचऱ्याची हलकी माती आणि सौम्य, गार हवा, एवढ्यावर ते खूष असते. आपल्याकडे माती पाणी धरून ठेवणारी काळी आणि मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या वर. म्हणजे दोन्ही गोष्टी उलट. तरीही ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत तापी खोऱ्यात तिला हवे तसे हवामान मिळते. सगळी आखणी त्या चार महिन्यांभोवती करायची, आणि बाकीच्या काळात झाडाचे लाड करायचे नाहीत.

आधी झाड नीट ओळखा

रसभरी वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा यांच्या कुळातली. झुडूप अडीच ते चार फूट वाढते, पाने बदामी आकाराची, हाताला मऊ आणि लवदार. फूल पिवळे, घंटेसारखे खाली झुकलेले, पानाच्या बगलेत एकेकटे येते. आत बुडाशी जांभळट-तपकिरी रंगाचे पाच ठळक डाग असतात. फूल गळले की त्याच्या मागचे हिरवे कडे फुगत जाते आणि फळाभोवती कागदी टरफल तयार होते.

बांधावर उगवणारी रानपोपटी हिचीच चुलत बहीण आहे, पण ती बुटकी, पसरट, फूल लहान आणि फळ वाटाण्यापेक्षा थोडे मोठे, पिकल्यावरही हिरवट-पिवळे. तिचे बी धरून रसभरीचे पीक निघणार नाही. अश्वगंधेचे फळही टरफलात असते, म्हणून घोटाळा होतो. तिची फुले बारीक, हिरवट-पिवळी आणि झुपक्यात येतात, फळ वाटाण्याएवढे, पिकल्यावर लालभडक. ते फळ खाण्याचे नाही. पडीक रानातून टरफलवाले फळ दिसले की तोंडात टाकायची सवय मुलांना लावू नये.

रसभरीचेही फक्त पूर्ण पिकलेले, नारिंगी-पिवळे फळ खायचे. पाने, खोड, टरफल आणि हिरवी फळे यांत या कुळातली विषारी द्रव्ये असतात. हिरव्या फळांनी पोट बिघडते, उलट्या होतात. छाटलेल्या फांद्या शेळ्यांपुढे टाकू नका.

तारीख

फूल लागल्यापासून फळ पिकायला ६० ते ८० दिवस लागतात. थंडी जास्त असेल तर ८० च्या बाजूने, ऊन असेल तर ६० च्या. दिवसाचे तापमान ३० अंशांच्या बरेच वर गेले की फुले गळतात, धरली तरी फळे बारीक राहतात. या दोन गोष्टींवरून उलट मोजत या: मार्चअखेर शेवटची चांगली तोडणी हवी, म्हणून कामाचे शेवटचे फूल जानेवारीच्या शेवटी. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातल्या उकाड्यात आलेली फुले टिकत नाहीत, म्हणून पहिला बहर ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात यावा. लागवडीनंतर फुलांना साधारण दीड-दोन महिने लागतात, रोप तयार व्हायला सहा-सात आठवडे. हिशेब जुळतो तो असा: बी १० ते २५ जुलै, लागवड ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा पहिला आठवडा, पहिली तोडणी डिसेंबरच्या अखेरीस किंवा जानेवारीत.

जूनच्या पहिल्या पावसाबरोबर बी टाकण्याचा मोह होतो. तसे केले की झाड पावसाळाभर माजते, काळ्या मातीत बुंधा कुजतो आणि पहिला बहर ऑक्टोबरच्या उन्हात जातो. सप्टेंबरमध्ये बी टाकले तर झाड थंडीत लहान राहते, फुले जानेवारीत येतात आणि फळे मार्च-एप्रिलच्या झळांत भाजतात. दोन्ही चुकांत दुसरी जास्त महाग, कारण पाणीही जाते आणि हंगामही.

सातपुड्यात वर, तोरणमाळकडे किंवा अक्कलकुव्याच्या डाब परिसरात, उन्हाळा सौम्य असल्यामुळे फळे एप्रिलपर्यंत चालतात. पण तिथे हिवाळ्यात दवबिंदू गोठतात आणि रसभरीला गोठणारी थंडी अजिबात सोसत नाही. एका रात्रीत शेंडे काळे पडतात. तिथे उताराच्या मधल्या टप्प्यावर लावावे, खोलगट जागी लावू नये, कारण गार हवा खाली साचते. धुळ्यातही पारा काही वर्षी ५-६ अंशांवर येतो. तेव्हा झाड मरत नाही, नुसते थबकते; पंधरा दिवस वाढ दिसली नाही म्हणून युरिया टाकायला धावू नका.

बी आणि रोप

एका फळात शंभरापासून तीनशेपर्यंत बिया असतात, म्हणून गुंठाभर लागवडीला तीन-चार चांगली फळे पुरतात. बाजारातून पूर्ण पिकलेली, मोठी, टरफलासकट फळे आणा. वाटीभर पाण्यात कुस्करा, एक-दोन दिवस तसेच ठेवा, गर सुटला की गाळणीत चोळून धुवा. तरंगणारे बी फेकून द्या, तळाला बसलेले कागदावर सावलीत वाळवा. उन्हात वाळवू नका.

गादीवाफ्यापेक्षा प्रो-ट्रे बरा, कारण जुलैचा पाऊस उघड्या वाफ्यात बारीक बी वाहून नेतो. ९८ खणांचा ट्रे, त्यात ओलसर कोकोपीट आणि चाळलेले गांडूळखत, तीन भागाला एक भाग. बी फार बारीक आहे, म्हणून कोरड्या बारीक रेतीत मिसळून चिमटीने दोन-तीन बिया टाका आणि वरून फक्त अर्धा सेंटिमीटर थर द्या. जास्त खोल गेले की उगवतच नाही. "बी खराब होते" अशा तक्रारींचे मूळ पुष्कळदा इथे असते. उगवण १० ते १५ दिवसांत. चार पानांवर आल्यावर प्रत्येक खणात एकच रोप ठेवा, बाकीची कात्रीने कापा, उपटू नका. उपटताना शेजारच्या रोपाची मुळे हलतात.

ट्रेवर बारीक जाळी, ४०-५० मेशची, पहिल्या दिवसापासून हवी. पांढरी माशी रोपावस्थेतच विषाणू सोडून जाते आणि त्याचा परिणाम तुम्हाला नोव्हेंबरमध्ये दिसतो, जेव्हा करण्यासारखे काही उरत नाही. पावसाची झड असेल तर वर प्लास्टिक ताणा, पण बाजू मोकळ्या सोडा. दमट कोंदटपणात रोपे बुडाशी बारीक होऊन कोलमडतात; ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपकारक बुरशी) ५ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात मिसळून बी टाकताना आणि नंतर पंधरा दिवसांनी आळवणी केली तर हे बरेच टळते.

जुने चांगले झाड असेल तर सहा-आठ इंचांच्या कोवळ्या फांद्यांनाही मुळे फुटतात आणि अशा रोपांना फुले लवकर येतात. मात्र आई-झाडात विषाणू असेल तर तो सरळ पुढे येतो. पानांवर किंचितही चट्टे असलेल्या झाडाची फांदी घेऊ नका.

वावर निवडताना

पहिला प्रश्न मातीचा विचारू नका, मागच्या पिकाचा विचारा. वांगी, मिरची, टोमॅटो, बटाटा यांपैकी काहीही मागच्या दोन-तीन वर्षांत झालेले वावर सोडून द्या. नंदुरबारकडे मिरची सगळीकडे आणि यावल-भुसावळकडे भरताच्या वांग्याचे वावर जिथे-तिथे, त्यामुळे ही अट पाळणे जड जाते हे खरे. पण मर रोग, सूत्रकृमी आणि विषाणू या पिकांकडून रसभरीला जसेच्या तसे मिळतात. कपाशीनंतरची जमीन चालते, ज्वारी-बाजरीनंतरची सर्वांत बरी.

दुसरी अट केळीपट्ट्यासाठी. रावेर, यावल, चोपडा भागात केळीवर येणारा हरण्या रोग म्हणजे काकडीवर्गाचा सीएमव्ही विषाणू. मावा तो इकडून तिकडे नेतो, आणि रसभरी त्याला बळी पडते. नव्या केळीच्या बागेत आंतरपीक म्हणून किंवा बागेच्या कडेने रसभरी लावली तर रसभरीही जाते आणि केळीलाही धोका वाढतो. टोमॅटो-काकडी केळीत घेऊ नका म्हणतात त्याच यादीत रसभरी धरा.

आता माती. सातपुड्याच्या पायथ्याची मध्यम, मुरमाड जमीन आणि नदीकाठची गाळाची पोयटा माती सर्वांत चांगली. भारी काळ्या जमिनीत लावायचेच असेल तर एक फूट उंच आणि अडीच फूट रुंद गादीवाफे काढा, दोन गाद्यांत पाणी निघून जाईल अशी चर ठेवा. सपाट काळ्या वावरात सप्टेंबरचा एक जोराचा पाऊस पुरे होतो: पाणी दोन दिवस साचले की झाड हिरवेगार असतानाच मान टाकते.

चुनखडीच्या जमिनीत वेगळी अडचण येते. नवी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. नत्राच्या कमतरतेत आधी जुनी पाने पिवळी होतात, हा फरक लक्षात ठेवा. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड मिसळून संध्याकाळी फवारा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा. चुलीची राख अशा जमिनीत घालू नका, ती माती आणखी अल्कधर्मी करते.

लागवड

मध्यम जमिनीत दोन ओळींत तीन फूट आणि दोन झाडांत अडीच फूट; एका गुंठ्यात सुमारे १४५ झाडे. भारी जमिनीत चार बाय तीन फूट, म्हणजे गुंठ्याला ९० आणि एकराला साधारण ३६०० झाडे. जवळ लावण्यात फायदा नाही. झुडूप आडवे पसरते, फांद्या एकमेकींत शिरल्या की आत हवा खेळत नाही आणि तोडणीला हात जात नाही.

गुंठ्याला १०० ते १२५ किलो चांगले कुजलेले शेणखत गादीत मिसळा, त्यात आठ-दहा दिवस आधी ट्रायकोडर्मा घालून सावलीत ओले ठेवलेले असेल तर उत्तम. अर्धवट कुजलेले शेण टाकले तर हुमणीला आमंत्रण. लागवडीच्या वेळी गुंठ्याला ३ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पोटॅश. एवढेच.

वाफसा असताना, चार वाजल्यानंतर लावा. रोप ट्रेत होते तेवढेच खोल. टोमॅटोसारखे खोडाला माती चढवून लावण्याची पद्धत हलक्या जमिनीत चालते, काळ्यात तोच भाग आधी कुजतो. लागवडीनंतर लगेच हलके पाणी. पहिले दहा दिवस सकाळी रोपे तपासा. बुडाशी कुरतडून आडवी पडलेली दिसली तर भोवतीची माती दोन बोटे उकरा, राखाडी अळी गोल होऊन तिथेच बसलेली असते. हाताने वेचणे हा गुंठा-दोन गुंठ्यांसाठी पुरेसा उपाय आहे. नांगे, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, भरण्यासाठी दहा टक्के रोपे राखून ठेवा.

रुपेरी मल्चिंग पेपर, २५-३० मायक्रॉनचा, परवडत असेल तर जरूर घाला: तण थांबते, पांढरी माशी आणि मावा काही प्रमाणात दूर राहतात आणि पुढे गळलेले फळ मातीला लागत नाही. नसेल तर फुले लागल्यावर झाडाखाली गव्हाचा भुसा किंवा केळीची वाळकी पाने पसरवा. केळीबाग हरण्याने ग्रासलेली असेल तर तिथली पाने आणू नका.

रोप फूटभर झाले की शेंडा खुडा. बाजूच्या चार-पाच जोमदार फांद्या ठेवा, जमिनीला टेकणाऱ्या काढून टाका. फांद्या ठिसूळ असतात, फळांच्या वजनाने आणि वाऱ्याने बगलेतून फाटतात. म्हणून ओळीच्या दोन्ही अंगांना दर सात-आठ फुटांवर बांबू रोवा आणि दीड व अडीच फुटांवर सुतळी ओढा. झाड त्या दोन सुतळ्यांच्या मध्ये उभे राहते. प्रत्येक फांदी बांधत बसण्याची गरज नाही. एखादी बांधायचीच तर केळीचे वाळलेले सोपट वापरा, ते खोडात रुतत नाही.

पाणी आणि खत: हात आखडता

रसभरीवर केलेला जास्तीचा खर्च पानांत जातो. केळीला दर आठवड्याला ड्रिपमधून खत सोडायची सवय झालेल्या माणसाला हे पटायला जड जाते, पण माजलेल्या झाडाला फुले उशिरा आणि कमी येतात. भारी काळ्या जमिनीत युरिया द्यायचाच नाही. हलक्या जमिनीत लागवडीनंतर महिन्याने गुंठ्याला अर्धा किलो, एकदाच. फुले धरल्यावर पाने फिकट वाटली तर पोटॅशयुक्त विद्राव्य खत, १३:००:४५, लिटरला ५ ग्रॅम याप्रमाणे पंधरा दिवसांच्या अंतराने दोन फवारे. पाने गर्द, जाड आणि मोठी असतील तर काहीही देऊ नका.

ड्रिप असेल तर ऑक्टोबरमध्ये झाडाला दिवसाला एक ते दीड लिटर, डिसेंबरच्या थंडीत त्याच्या निम्मे. पाटाने देत असाल तर काळ्या जमिनीत १० ते १२ दिवसांनी, हलक्यात ६ ते ७ दिवसांनी. आकड्यांपेक्षा बोट वापरा: दोन इंच खाली माती ओलसर लागली की पाणी नको. दुपारी पाने किंचित मलूल होऊन संध्याकाळी सावरत असतील तर तेही ठीक आहे; सकाळीच मलूल दिसली तर पाणी कमी पडले किंवा मुळे कुजली, आणि कोणते ते उकरून पाहिल्याशिवाय पाणी सोडायचे नाही.

फळे भरत असताना मोठा ताण देऊन मग भरपूर पाणी सोडले की टरफलाच्या आत फळ तडकते. बाहेरून कळत नाही. आठवड्याने टरफलावर काळे डाग येतात आणि उघडून पाहिले की आत बुरशी. फेब्रुवारीतला अवकाळी पाऊसही हेच करतो; तो थांबवता येत नाही, पण अशा पावसाच्या अंदाजाला पिकत आलेली फळे आदल्या दिवशी काढून घेता येतात.

फुले आणि टरफल

झाडाच्या एकाच फुलात फळधारणा होऊ शकते, दुसऱ्या झाडाची गरज नसते. तरी पराग सुटायला हालचाल हवी. वारा आणि मधमाश्या ते काम करतात. फुलोऱ्याच्या दिवसांत सकाळी फवारणी केली तर माश्या येत नाहीत. परसात भिंतीआड लावलेली दोन-चार झाडे असतील तर सकाळी दहा-अकराच्या सुमारास सुतळीला टिचकी मारत जा, फळे वाढलेली दिसतील.

फूल गळल्यावर टरफल फळाच्या आधी वाढते. दाबले की पोकळ लागते, म्हणून पहिल्यांदा लावणारे घाबरतात आणि खते शोधू लागतात. आत फळ हरभऱ्याएवढे असते, ते पुढचे पाच-सहा आठवडे भरत जाते. टरफल फोडून पाहू नका; फोडलेले फळ उन्हाने भाजते आणि अळीला दार उघडे मिळते. मात्र टरफल देठाशीच पिवळे पडून गळू लागले तर ते उन्हाचे किंवा पाण्याच्या ताणाचे लक्षण आहे.

काय बिघडते

पाने आखडून लहान, वरच्या बाजूला वळलेली, त्यावर हिरवे-पिवळे चट्टे: विषाणू. औषध नाही. असे झाड दिसल्या दिवशी मुळासकट उपटून पिशवीत घालून वावराबाहेर न्या. ओळीतून ओढत नेले तर पांढरी माशी शेजारच्या झाडावर उडते. एकराला १५-२० पिवळे चिकट सापळे लागवडीपासूनच लावा, झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर, आणि झाड वाढेल तसे वर सरकवा. कळकट झालेले सापळे नुसते लटकत ठेवण्यात अर्थ नाही.

तुडतुडे, मावा, पांढरी माशी यांवर ५ टक्के निंबोळी अर्क दर दहा-बारा दिवसांनी. पाच किलो निंबोळीची भरड फडक्यात बांधून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी पिळून गाळा, त्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवा आणि एकूण १०० लिटर करा. १० लिटरच्या पंपाला अर्धा किलो भरड पुरते. त्याच दिवशी संध्याकाळी वापरा, आणि पानाच्या खालच्या अंगाला फवारा; वरून फवारलेला अर्क किडीपर्यंत पोचतच नाही.

टरफलाला गोल भोक आणि खाली विष्ठा दिसली तर ती घाटेअळी, जी हरभऱ्यावर आणि तुरीवर असते तीच. डिसेंबर-जानेवारीत शेजारी हरभरा असेल तर ती येणारच. एकराला पाच कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे), पक्ष्यांना बसायला काठ्या, आणि भोक पडलेली फळे रोज वेचून खड्ड्यात पुरणे. अळी एकदा टरफलात शिरली की फवारा तिला लागत नाही, म्हणून सापळ्यात पतंग दिसू लागले तोच निंबोळी अर्काचा मुहूर्त.

पानांवर पांढरी पूड म्हणजे भुरी. डिसेंबरात थंड रात्री आणि कोरडे दिवस आले की येते. पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला २ ग्रॅम, सकाळी लवकर. ऊन ३२ अंशांच्या वर असेल तर गंधक पाने जाळते, म्हणून फेब्रुवारीच्या शेवटानंतर ते टाळा. त्यानंतर येतो लाल कोळी: पानांच्या खाली बारीक जाळे, वर पिठूळ ठिपके. तोपर्यंत बहुतेक फळे निघालेली असतात, फार जीव टाकू नये.

सगळे वेळेवर करूनही झाड खुरटे राहिले तर एक उपटून मुळे पाहा. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी. उभ्या पिकात त्यावर खात्रीचा इलाज नाही. रासायनिक औषध घ्यायची वेळ आलीच तर डब्यावरच्या लेबलात पिकाचे नाव आणि तोडणीपूर्वीचे दिवस वाचा. नाव नसेल तर दुकानदाराच्या तोंडी शब्दावर फवारू नका. हे फळ कच्चे खाल्ले जाते.

पोपट आणि उंदीर हे वेगळेच प्रकरण. पोपट टरफल फाडून अर्धे फळ खातो आणि अर्धे टाकतो. पक्षीरोधक जाळीवाचून त्याला उपाय नाही. उंदरांसाठी गळालेली फळे संध्याकाळपर्यंत वेचून घ्यायची, रात्रभर जमिनीवर ठेवायची नाहीत.

तोडणी आणि साठवण

टरफल हिरव्याचे गव्हाळ-पिवळे होऊन कागदासारखे वाजू लागले आणि फांदी हलकेच हलवल्यावर फळ हातात आले की ते पिकले. ओढावे लागले तर अजून चार दिवस. दर तीन-चार दिवसांनी फेरी मारा, दव उडाल्यानंतर, म्हणजे साडेनऊ-दहाच्या पुढे. ओल्या टरफलासकट भरलेले क्रेट दोन दिवसांत काळे पडते, आणि बाजारात टरफलाचा रंगच आधी बघितला जातो.

फळे सावलीत, जाळीवर किंवा पाटीत एका थरात एक-दोन दिवस पसरा. टरफल कुरकुरीत झाले की तडकलेली, डागाळलेली वेगळी करा. टरफलासकट, हवेशीर आणि कोरड्या जागी चांगले फळ काही आठवडे सहज राहते, गार जागी त्याहून जास्त. सोललेले फळ मात्र आठ-दहा दिवसांचे पाहुणे. फळावर चिकट लेप असतो, तो कीड किंवा औषध नव्हे. खाण्याआधी पाण्यात चोळून धुवायचा.

उत्पन्नाचे मोठाले आकडे ऐकायला मिळतात. चांगल्या हवेत एका झाडाला तीनशेच्या आसपास फळे लागतात हे खरे, पण तापी खोऱ्यातल्या आखूड हिवाळ्यात झाडामागे अर्धा किलो धरून हिशेब मांडावा आणि वर निघाले तर ते कमाईत धरावे. एकरभर लावण्याआधी गिऱ्हाईक शोधा. आठवडी बाजारात रसभरी किलोने खपत नाही, पाव-पाव किलोच्या पुड्यांनी खपते, आणि ओळखीचे फळ नसल्यामुळे एक सोलून चाखायला द्यावे लागते.

तडकलेल्या पण न सडलेल्या फळांचा मुरंबा होतो. एक किलो सोललेली, धुतलेली फळे, अर्धी वाटी पाणी, मंद आचेवर झाकून दहा-पंधरा मिनिटे, फळे फुटेपर्यंत. मग ७५० ग्रॅम साखर आणि एका लिंबाचा रस. न झाकता, सारखे ढवळत वीसेक मिनिटे. गार बशीवर थेंब टाका, बोटाने सरकवल्यावर सुरकुती पडली तर उतरवा. या फळात पेक्टिन भरपूर असते, म्हणून बाहेरून काही घालावे लागत नाही, आणि जास्त आटवले तर बाटलीतून चमचा निघत नाही. तिखट हवे असेल तर पावशेर पिकल्या फळांत तव्यावर भाजलेल्या चार-पाच हिरव्या मिरच्या, सात-आठ लसणाच्या पाकळ्या, दोन चमचे भाजलेले शेंगदाणे आणि मीठ घालून खलबत्त्यात ठेचा. कळण्याच्या भाकरीबरोबर हा ठेचा त्याच दिवशी संपवायचा, दुसऱ्या दिवशी त्याला पाणी सुटते.

गच्चीवर

बारा-चौदा इंचांची कुंडी, एका कुंडीत एकच झाड. दोन भाग माती, एक भाग रेती, एक भाग गांडूळखत. काळी माती असेल तर रेती दुप्पट. तारखा त्याच. फेब्रुवारीच्या मध्यापासून कुंडी पश्चिमेच्या उन्हातून हलवा, कारण झाडाआधी कुंडीतली मुळे तापतात.

एप्रिलनंतर

झाड बहुवर्षायू आहे, म्हणून पुष्कळ जण ते दुसऱ्या वर्षासाठी राखतात. करायचे असेल तर मार्चअखेर जमिनीपासून सात-आठ इंचांवर छाटा, ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधा, बुंध्याभोवती चार इंच भुसा घाला आणि आठवड्यातून दोनदा थोडे पाणी द्या. एवढे करून जगलेली झाडे पावसाळ्यात बुंध्याशी कुजण्याचे प्रमाण मोठे असते आणि दुसऱ्या वर्षाची फळे लहान असतात. परसातल्या दोन-तीन झाडांसाठी ही खटपट ठीक, वावरासाठी नाही.

वावरातली झाडे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मुळांसकट उपटा. मुळांना गाठी असलेली जाळा, बाकीची कंपोस्टात चालतात. पण पडलेली फळे आधी वेचा, नाहीतर जूनमध्ये सगळीकडे रोपे उगवतात आणि ती पांढऱ्या माशीचे बिऱ्हाड होतात. मग खोल नांगरट करून मे महिनाभर ढेकळे उन्हात तापू द्या. खरिपात त्या जागी ज्वारी किंवा बाजरी घ्या, सूत्रकृमी दिसली असेल तर झेंडू. बी पुढच्या जुलैसाठी हवे असेल तर ते जानेवारीच्या तोडणीतच धरून ठेवलेले असावे, पहिल्या बहरातल्या, चट्टे नसलेल्या झाडाच्या सर्वांत मोठ्या फळांचे. मार्चअखेरच्या भाजलेल्या फळांचे बी पोचट निघते.